भोइटे मॅडमचा फिल्टर

भोइटे मॅडम गेल्या, त्यानंतरच्या सभेत सगळे चांगलंच बोलले. सुदामा नगरातल्या आमच्या गल्लीत सभागृह नाही, म्हणून जिथे गणपतीचा मांडव पडतो त्या मोकळ्या जागेत सतरंज्या टाकल्या होत्या. मॅडमच्या जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या, त्यांतल्या काही आता आज्या झालेल्या. कोणी त्यांच्या शिट्टीबद्दल बोललं, कोणी त्यांच्या चालण्याबद्दल. मग समोरच्या घरातले चौरसियाजी उठले. "मेडम जैसी औरत दूसरी नहीं होगी," ते म्हणाले. "बस एक बार भाभीजी की गाड़ी में गड़बड़ फिल्टर डाल दिया था. इंसान थीं भिया, गलती किससे नहीं होती." लोक हसले. प्रेमानंच हसले. मीसुद्धा खाली बघून हसल्यासारखं केलं.

ती भाभीजी म्हणजे माझी बायको सुनंदा. गाडी माझी. आणि मॅडमनी गडबड फिल्टर कधीच घातला नव्हता. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आता सुनंदाही नाही आणि मॅडमही नाहीत. माझी पंच्याहत्तरी कधीच उलटली. त्या सभेतून घरी आलो आणि वाटलं, आणखी काही वर्षांनी गल्लीत मॅडमबद्दल एवढी एकच गोष्ट उरेल, आणि ती खोटी असेल. म्हणून हे लिहितो आहे. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात छापायला देणार आहे. चौरसियाजींना मराठी वाचता येत नाही, त्यांना मी स्वतः वाचून दाखवीन.

मॅडम मुलींच्या शाळेत खेळ शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी कडक सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट कायम असत. बुटांना रोज पांढरा रंग लावायच्या. रस्त्याच्या कडेने चालणं त्यांना ठाऊक नव्हतं. दोन्ही हात मोकळे सोडून त्या मधून चालत आणि रिक्षावाले ब्रेक लावत. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती. सुनंदानं एकदा विचारलं. मॅडम म्हणाल्या, "वेळ नाही मिळाला वहिनी," जसं कोणी म्हणावं की दातांच्या डॉक्टरकडे जायचं राहून गेलं.

त्यांचे पणजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते. आमच्या इंदुरात अशा घरांमध्ये बैठकीच्या भिंतीवर एक तलवार असतेच. मॅडमच्या भिंतीवर नव्हती. त्या म्हणायच्या की तलवार दाखवणारे पुष्कळ, चालवणारे किती होते देव जाणे. पणजोबांकडून त्यांना एकच गोष्ट मिळाली होती आणि ती त्या प्रत्येकाला सांगत: घोडा घेताना सगळे दात बघतात, आमचे पणजोबा नाकपुडी बघायचे. दातांवरून वय कळतं. नाकपुडीवरून कळतं की हा घोडा तुम्हाला घरी परत आणेल की नाही.

हे ज्ञान त्यांनी कोणावर नाही वापरलं! धावणाऱ्या मुलींना "तोंड बंद, नाकाने" असं ओरडून ओरडून त्यांनी शाळेची एक पिढी नाकाने श्वास घेणारी केली. गल्लीतल्या एका लग्नात स्टेजवर भेटायला गेल्या तर आहेर हातात द्यायच्या आधी नवरदेवाला म्हणाल्या, "बेटा, तोंड मिटून घे. फोटो चांगला येईल आणि घाबरणंही कमी होईल." आणि खरंच त्या मुलाचा चेहरा बदलला. मी बघत होतो.

पुढे घोडे राहिले नाहीत तेव्हा मॅडमनी मोटारी धरल्या.

कोणाच्याही गाडीत बसल्या की पहिलं काम म्हणजे डॅशबोर्डवरच्या जाळीला तळहात लावून बघणं. माझ्या गाडीत पहिल्यांदा बसल्या तेव्हाही तेच केलं. "करमरकरजी, पंखा फुल्ल आहे आणि वारा असा येऊन राहिला जसं कोणी चहावर फुंकर मारतंय. गाडीचं नाक बंद आहे हो तुमच्या." मी शिक्षण खात्यात आयुष्यभर फायली हलवलेला माणूस. मला वाटायचं एसीची हवा एसीतच तयार होते. ती बाहेरून येते, आणि ती गाळायला आत एक घडीघडीचा कागद बसवलेला असतो, हे मला मॅडमनी सांगितलं तेव्हा कळलं. गल्लीत बहुतेकांची हीच अवस्था होती. चौरसियाजी तर भांडायलाच उठले. म्हणाले, मेडम, हम तो कांच बंद रखते हैं, हमारे यहाँ धूल का क्या काम.

मॅडम वाद घालत नसत. त्यांनी चौरसियाजींच्या गाडीचं डावं दार उघडलं, पुढचा कप्पा रिकामा करायला लावला, त्यातून सुपारीच्या पुड्या आणि तीन जुने चष्मे निघाले. मग कप्प्याच्या दोन्ही कडा आत दाबल्या आणि तो अख्खा खाली लोंबकळला. मागे एक पातळ झाकण. ते काढून मॅडमनी आतून वहीएवढी जाड वस्तू सावकाश ओढली. पांढरी असायला हवी होती. राखाडी होती, घड्यांमध्ये कडुनिंबाची पानं अडकलेली, आणि अर्ध्या भागावर गुलाबी थर.

"ही बघा तुमची रंगपंचमी," मॅडम म्हणाल्या. "आता दिवाळी आली. तुम्ही अजून खेळूनच राहिले."

रंगपंचमीला आमच्याकडे राजवाड्याच्या बाजूला गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते. मशिनी लावून गुलाल चार मजले वर उडवतात, आणि तो शहरावर दिवसभर पडत राहतो. तो गाड्यांच्या नाकातही जातो हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या वर्षापासून रंगपंचमीनंतरच्या रविवारी गल्लीत परेड भरू लागली. परेड हा मॅडमचाच शब्द. सकाळी शिट्टी वाजे. गाड्या एका रांगेत, डावी दारं उघडी, आणि ज्याची गाडी त्यानेच गुडघ्यावर बसून जुना फिल्टर काढायचा. ड्रायव्हर चालत नसे. निवृत्त इंजिनियर, पलासियात दवाखाना असलेले डॉक्टर, सगळे गुडघ्यावर. जुना फिल्टर रस्त्यावर आपटायचा, गुलाबी ढग उठायचा, बायका गच्चीतून हसायच्या. नवा मात्र मॅडम स्वतः बसवत, कारण त्यावर वारा जायच्या दिशेचा बाण असतो आणि आमच्यापैकी निम्मे तो उलटा घालत. "काढणं तुमचं, घालणं माझं," त्या म्हणत. "घालणाऱ्याची जबाबदारी असते." कोणी जुना धुऊन परत वापरू का विचारलं की उत्तर ठरलेलं असे: "कागद आहे तो. परकर नाही."

एकदा त्यांनी आपली गाडी सर्व्हिसला दिली. परत आली तेव्हा फिल्टर बदलला म्हणून सांगितलं गेलं. मॅडमनी गाडी देण्याआधी जुन्या फिल्टरच्या कडेला कुंकवाचं बोट टेकवून ठेवलं होतं. कप्पा उघडला, तर कुंकू जागेवर. दुसऱ्या दिवशी त्या तिथे गेल्या, मला सोबत घेऊन. मला वाटलं आता शिट्टी वाजणार. त्यांनी मॅनेजरला अगदी गोड आवाजात गाडीत बसायची विनंती केली, काचा वर केल्या, पंखा फुल्ल केला आणि त्याला भर दुपारी ट्रक-स्टँडच्या रस्त्यावरून फिरवून आणलं. सगळा वेळ त्याच्या आईची चौकशी करत होत्या. परत आल्यावर त्या माणसानं शिंकत शिंकत स्वतःच्या हाताने नवा फिल्टर आणला. मॅडमनी त्याला बसवू दिला नाही.

सुनंदाचं आणि त्यांचं वेगळंच होतं. सुनंदाला दमा. लग्नानंतर काही वर्षांत सुरू झालेला, दिवाळीच्या धुरात आणि थंडीत वाढणारा. एके दिवशी फाटकाशी उभ्या असताना मॅडमनी तिला सहज विचारलं, वहिनी, घरात बऱ्या असता आणि गाडीत बसलं की खोकता, असं होतं का? सुनंदा विचार करून हो म्हणाली. मी वर्षानुवर्षं त्याच गाडीत तिच्या शेजारी बसत होतो. मला हे दिसलं नव्हतं. मॅडमनी त्याच संध्याकाळी आमचा फिल्टर बदलला, आणि पुढे आमच्या गाडीची परेड वर्षातून दोनदा होऊ लागली. त्यानंतर उज्जैनला गेलो तेव्हा सुनंदा वाटेत झोपली. तोंड मिटून, शांत. मी एवढ्या वेळा तिच्याकडे बघत होतो की गाडी दोनदा रस्त्याखाली जाता जाता राहिली. मॅडमबद्दल मला जे वाटायचं त्याला आदर हा शब्द पुरत नाही. मला त्यांचा धाकच वाटायचा, देवळातल्या मूर्तीचा वाटतो तसा.

आता मी काय केलं ते.

माझे आजोबा जुन्या दरबारी कचेरीत होते. त्या कचेरीच्या खिडक्यांना उन्हाळ्यात खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या लावत आणि एक माणूस दिवसभर त्यांवर पाणी मारत बसे, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. आमच्या माळव्याचा उन्हाळा कोरडा. ओल्या खसातून आलेला वारा म्हणजे स्वर्ग. घरातल्या कूलरलाही मी खसच लावायचो. एका वैशाखात मला वाटलं, गाडीतही वारा ताटीतूनच तर येतो. सुनंदा दुपारी बाजारात गेली असताना मी तो महिन्या-दीड महिन्यापूर्वीच मॅडमनी बसवलेला नवा फिल्टर काढला, नळाखाली चांगला भिजवला, त्यावर खसाचं अत्तर शिंपडलं आणि ओलाच परत बसवला. कचेरीची ताटीच ती. परकर नाही, हे वाक्य मी परेडच्या वेळी हसत ऐकलं होतं, पण मी धूत कुठे होतो? मी तर ओला करत होतो.

त्या संध्याकाळी आम्ही सराफ्यात खायला गेलो. पुढे चालत जायचं म्हणून राजवाड्यापाशी गाडी लावली, पण सुनंदा जागची उठेना. डोळे मिटून बसून राहिली. म्हणाली, माझ्या माहेरच्या ओसरीवर असाच वास यायचा. कोणी केलं हे? मी मागे एकदा मिक्सर दुरुस्त करायला जाऊन जाळला होता, तेव्हापासून माझ्या हातात पेचकस दिसला की ती घाबरायची. म्हणून मी सहज म्हणून गेलो, "मॅडमनी." तेवढंच. एका चांगल्या संध्याकाळी बोललेला एक शब्द.

मग आम्ही मुलीकडे भोपाळला गेलो, रेल्वेने. गाडी बंद काचांनी उन्हात उभी राहिली. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी बँकेच्या कामाला पलासियाला निघालो. एसी लावला तर खसाच्या मागून तळघरासारखा काहीतरी कुबट वास आला. मी म्हटलं, बंद होती ना, जाईल. पलासियाच्या गर्दीत, पुढे गाडी, मागे गाडी, सुनंदानं माझा हात धरला. बोलता येत नव्हतं तिला. ओठ निळे पडत होते. पर्समधला पंप ओढला, उपयोग झाला नाही. चौकापलीकडेच एक दवाखाना होता म्हणून ती वाचली. डॉक्टरांनी विचारलं, गाडीत ओल, बुरशी असं काही? मी म्हणालो, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी गल्ली जमली. सुनंदा व्हरांड्यात खुर्चीवर बसली होती. मॅडम आल्या, कोणाशी न बोलता गाडीपाशी गुडघ्यावर बसल्या आणि कप्पा उघडला. बाहेर आलेला फिल्टर ओल्या पापडासारखा लिबलिबीत झाला होता, घड्यांमध्ये काळे ठिपके. त्यांनी तो नाकाजवळ नेला. मग माझ्याकडे बघितलं. फक्त एकदा.

सुनंदा खुर्चीवरूनच म्हणाली, "मॅडम, तुम्ही ते खस घातलंत ना हो, त्याने झालं का?"

मॅडमनी माझ्याकडे परत पाहिलं नाही. "हो वहिनी," त्या म्हणाल्या. "माझी चूक झाली."

चौरसियाजींना खरं वाटेना. "मेडम, आपसे?"

"मुझसे."

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. त्या बुटांना रंग लावत बसल्या होत्या. मी सगळ्यांना सांगतो, आत्ता सांगतो, असं काहीबाही बोलत होतो. त्या म्हणाल्या, बसा, आधी श्वास घ्या, नाकाने. मग का केलं ते विचारलं. मी ताटीचं सांगितलं, सुनंदाच्या माहेरच्या ओसरीचं सांगितलं.

"रात्री वहिनींना दम लागला की कोण उठतं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"पंप कोण देतं हातात?"

"मीच."

"मग झालं तर. तुमच्या हातावरचा भरवसा गेला, तर पंप घेतानासुद्धा त्यांचा श्वास अडकेल. माझ्या हातावरचा गेला तर काय होईल? लोक फिल्टर नाही बदलणार माझ्याकडून." आणि त्यांनी दुसरा बूट उचलला.

मला तेव्हा काय वाटलं ते लिहायला हवं. मला सुटल्यासारखं वाटलं. मी घरी आलो आणि जेवलो.

पुढच्या रंगपंचमीनंतरच्या रविवारी सकाळी शिट्टी वाजली. मी पडद्याआडून बघत होतो. मॅडम रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. कोणाचंही दार उघडलं नाही. कोणी त्यांच्यावर रागावलेलं नव्हतं, आमची गल्ली तशी नाही. कोणी म्हणे बाहेर जायचंय, कोणी म्हणे सर्व्हिसलाच देऊ. मी निघालो तर सुनंदा म्हणाली, नको हो, त्यांना वाईट वाटेल, पण आपल्याला जपायला हवं. आणि मी थांबलो. मॅडमनी थोडा वेळ वाट बघितली. मग आपल्या गाडीचं दार उघडून, गुडघ्यावर बसून, एकटीने आपला फिल्टर बदलला, जुना रस्त्यावर आपटला, गुलाबी धूळ बसेपर्यंत उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. ती शिट्टी मी पुन्हा ऐकली नाही.

सुनंदानं त्यांना संक्रांतीला बोलावलं. तिळगूळ हातावर ठेवून म्हणाली, झालं गेलं मॅडम, मनात ठेवू नका. मॅडमनी मान खाली घालून तो घेतला. कोणासमोरही मान खाली न घालणारी बाई. ताट माझ्या हातात होतं.

त्यानंतर काही वर्षांनी सुनंदा गेली. हृदयविकाराने, श्वासाने नाही. तेरावं झालं आणि मी मॅडमकडे गेलो. म्हटलं, आता काही अडचण नाही, आता मी सांगतो. मॅडम म्हणाल्या, "वहिनींनी मला माफ केलं होतं. आयुष्यात कोणी मला माफ केलं नव्हतं करमरकरजी, कारण मी कधी चुकलेच नव्हते. फार छान वाटलं होतं हो. ते माझ्याकडून परत नका घेऊ." हे त्या थट्टेने म्हणाल्या की खरंच, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. बहुधा दोन्ही.

शेवटचं पाहिलं ते गेल्या थंडीत. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि दाखवायला पलासियाला जायचं होतं. मी नेलं. गाडीत बसल्यावर सवयीने त्यांचा हात जाळीकडे गेला. वारा जोरात होता. कोण बदलतं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मीच, तुम्ही शिकवलं तसं. "ताटी नाही ना लावत?" त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तो विषय काढला होता, आणि मी असा हसलो की डोळ्यांतून पाणी आलं आणि गाडी कडेला घ्यावी लागली.

परत आलो तेव्हा चौरसियाजी आपल्या गाडीपाशी उभे होते. त्यांच्या काचेवर वाफ धरत होती. मॅडमना उतरताना बघून म्हणाले, "मेडम, ज़रा देखना तो. नहीं, रहने दो, आपका भरोसा नहीं. भाभीजी वाला किस्सा हमको याद है." आणि मोठ्याने हसले. मॅडमही हसल्या, त्यांच्यापेक्षा मोठ्याने.

मला ते सहन झालं नाही. मी इंजिन बंद केलं, दार उघडलं, एक पाय रस्त्यावर ठेवला आणि म्हणालो, "चौरसियाजी, सुनिये."

मॅडम वळल्या. डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा होता, त्यांना माझा चेहरा दिसत असेल असं वाटत नाही. त्यांनी फक्त हात वर केला, तळहात माझ्याकडे, शर्यतीत शिट्टीच्या आधी निघालेल्या मुलीला थांबवतात तसा. मान हलवली, अगदी थोडी. नाही. मग वळून रस्त्याच्या मधून आपल्या फाटकाकडे चालत गेल्या, पांढऱ्या बुटांनी, दोन्ही हात मोकळे सोडून.

"क्या हुआ भिया?" चौरसियाजींनी विचारलं.

"कुछ नहीं," मी म्हणालो आणि पाय परत आत घेतला.